काळीत वसवलेलं गाव

एक आख्खं गाव कुठे वसवायचं हे मी ठरवलं, आणि ते चुकीच्या जागी वसवलं. घाईत नाही, कुणाच्या दडपणाखालीही नाही. चांगला पंधरा दिवस विचार करून, नकाशावर लाल पेन्सिलीने चौकोन काढून, खाली झोकदार सही ठोकून. चूक कळायला एक पावसाळा लागला. कबूल करायला चाळीसवर लागले. मधल्या काळात मला दोनदा बढती मिळाली.

हल्ली मी साम्राज्यं उभारतो. निवृत्तीनंतर बुलढाण्यात घर केलं, आणि पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीने तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आणून टाकला. त्यात एक खेळ आहे. सुरुवातीला पडदा बहुतेक काळा, मध्ये जमिनीचे चार चौकोन, आणि त्यांवर छपराची एक चिमुकली गाडी. त्या गाडीत तुमचे लोक. त्यांना घेऊन हिंडायचं, चांगली जागा हेरायची, एक बटण दाबायचं, की गाव उभं. मग दुसरं, तिसरं, आणि हळूहळू साम्राज्य. बुद्धिबळासारखं एक चाल तुमची, मग एक चाल शेजारच्या राजांची.

मुलीने फोनवर नियम सांगितले. नदीकाठ पाहावा. सुपीक चौकोन जितके जास्त तितकी लोकसंख्या लवकर वाढते. दोन शहरं फार जवळ नकोत, नाहीतर एकमेकांची जमीन खातात. फार लांबही नकोत, नाहीतर राखता येत नाहीत.

"आणि बाबा, मुख्य म्हणजे पहिल्याच चालीत वसवायचं. फार तर दुसऱ्या."

"जागा पाहून घेतो जरा."

"आत्ता कितवी चाल आहे?"

"एकोणतिसावी."

मग ती म्हणाली, "शेजाऱ्याची किती झाली?"

"तीन शहरं. तटबंदीसकट."

मी अजून एकही डाव जिंकलेलो नाही. नदीकाठचा सुंदर हिरवा चौकोन समोर असतो, गाडी त्यावर उभी असते, बटणावर बोट असतं, आणि ते बोट काही खाली जात नाही. नियम मला पाठ आहेत. भानगड अशी की याच नियमांनी मी एकदा खेळून बसलोय. तेव्हा गाडीत खरी माणसं होती.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. जिकडेतिकडे तलाव, बंधारे, कालवे निघत होते आणि डिप्लोमा केलेल्या कुणालाही ओव्हरसियर करत होते. त्याशिवाय माझी वर्णी लागली नसती. मी देऊळगाव राजाचा, कापड दुकानदाराचा मुलगा. नांगराला कधी हात लावलेला नाही. शिकायला पुण्यात गेलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी तोंडातून 'का'ऐवजी 'काऊन' निघालं, आणि पुढचे तीन महिने माझं नावच 'काऊन' पडलं. मग मी जिद्दीने माझी बोली घासून काढली. तीन वर्षांनी परत आलो तो शुद्ध मराठी, सोला हॅट आणि स्वतःविषयी फार मोठं मत घेऊन.

मोताळ्याच्या बाजूला एका नाल्यावर तलाव होणार होता. एक लहान गाव पाण्याखाली जाणार होतं. त्याचं नवं गावठाण कुठे करायचं, ते सुचवायचं काम माझ्याकडे आलं. जागा दोन होत्या. एक डोंगराच्या अंगाची बरड. मुरूम, दगडगोटे, सीताफळीची झुडपं, रस्त्यापासून मैलभर आत. दुसरी मोताळ्याच्या रस्त्याला लागून, काळीभोर, सपाट, तळहातासारखी. जवळ नाला, विहिरीला पाणी वर. सडक इतकी जवळ की एस.टी. दारात थांबेल.

मी दुसरी निवडली. सगळी कारणं मी अहवालात लिहिली, एक सोडून. बरडीवर मोजणी करायची म्हणजे लेव्हलचं यंत्र खांद्यावर घेऊन उन्हात चढायचं. सपाटीवर ते काम दोन दिवसांत आटोपत होतं.

चुन्याची फक्की मारायला लागलो तेव्हा गावातली माणसं बघायला जमली. त्यांत एक पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ गवंडी होता. गाव त्याला मिस्तरी म्हणायचं. जुन्या गावातली बहुतेक घरं त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातची. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती, तिथला तो. काही वर्षांपूर्वी त्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला होता, घराघरांतले देव काढून नाल्यात सोडले होते. मिस्तरीने मला "जयभीम" केला, खाली बसला, मूठभर माती उचलली, पुन्हा खाली टाकली.

"सायब, हे तं कायी हाये."

त्या बाजूला बोलताना 'ळ'चा 'य' होतो. कायी म्हणजे काळी. मी म्हणालो, "हो. उत्तम काळी जमीन आहे."

"तेच म्हनून राह्यलो. गाव पांढरीत बसते. पांढरीले इचारल्याबिगर गाव नाई बसवत कोनी."

काळी मला कळली. पांढरीही कळली असं मला वाटलं, आणि इथेच घोटाळा झाला. जुन्या गावाच्या वेशीवर लिंबाखाली चुन्याने रंगवलेला एक पांढरा गोटा होता. बाया त्याला नारळ फोडत. मी मनात दोन आणि दोन जोडले: पांढरी म्हणजे ती देवी. लोकांना देवी हलवायची भीती वाटते. माझ्या अंगात समाजसुधारक संचारला. मी सगळ्यांसमोर मिस्तरीला म्हणालो, "अहो, तुम्ही तर बुद्धाचा धम्म घेतला. तुम्ही तरी देवीबिवीच्या नादी लागू नये."

मिस्तरीने हाताची माती झटकली.

"देवाचं नाई सायब. मातीचं बोलून राह्यलो मी."

"माती मी तपासली आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. मी ती बोटांत चोळून पाहिली होती. असा कापूस येईल तिच्यात, असं वाटलं होतं.

"मंग उद्या सकायी पांढरीले इचारू द्या मले. एवढंच करू द्या."

मी मोठ्या मनाने परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी कुदळ-फावडं घेऊन आला आणि माझ्या चौकोनाच्या बरोबर मध्ये गुडघाभर खड्डा खणला. त्याची मुलगी पाटीने माती काढून कडेला रचत होती. सोळा-सतरा वर्षांची, नुकतंच लग्न ठरलेली. देवीचं काम आहे, तर आपण आदर दाखवला पाहिजे, म्हणून मी बूट काढले, मोजे काढले, हॅट काखेत धरली आणि तापलेल्या ढेकळांवर अनवाणी, हात जोडून उभा राहिलो. मुलीने माझ्या पायांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, ती लाजली.

खड्डा झाल्यावर मिस्तरीने काढलेली सगळी माती परत आत लोटली आणि पायाने दाबली. माती पुरली नाही. उन्हाळ्याच्या भेगांत ती गेली कुठल्या कुठे, आणि खड्डा वीतभर रिकामा राहिला. मिस्तरीने त्यात हात घालून मला दाखवला.

"पाह्यलं? नाई म्हनते."

"ठीक आहे," मी म्हणालो, "देवीची समजूत काढू आपण."

काढली. पाटलांना विचारून मुहूर्त धरला, आणि तो पांढरा गोटा सरकारी ट्रकमध्ये गोणपाटावर निजवून नव्या जागी आणला, नारळ फोडला. पाटील म्हणाले, "सायब म्हनतात तं जागा बराबरच असन." त्यांना सडकेलगतचा प्लॉट मिळणार होता. मी अहवालात लिहिलं, ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: 'ग्रामस्थांची हरकत पांढरी नामक देवतेच्या स्थलांतराबाबत असून ती धार्मिक विधी पार पाडून दूर करण्यात आली आहे.'

माझ्या साहेबांनी समासात 'उत्तम' असा शेरा मारला.

नव्या गावातली निम्म्याहून जास्त घरं मिस्तरीनेच बांधली. दुसरा गवंडी होता कुठे? जुन्या घरांचे दगड बैलगाड्यांतून आणले, मातीत बसवले, वर टिनं घातली. नकाशात मी पाया दोन हात दाखवला होता. मिस्तरी चार हात खणायचा. स्वतःच्या घराला तर डोकं दिसेनासं होईपर्यंत खणला. मी वर उभा राहून म्हणालो, "पाताळात घर बांधता का मिस्तरी?"

तो खालूनच म्हणाला, "मुरूम पाहून राह्यलो सायब. खाली बी कायीच हाये."

जुनं गाव रिकामं झालं, लोक नव्या घरांत राहायला आले. मग पाऊस लागला.

आधी दारं लागेनात. मग भिंतींवर केसासारख्या रेघा दिसल्या. पोळा आला तेव्हा त्या रेघांत बोट जात होतं, दसऱ्याला हात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण ती टीप होती, हे गाव होतं. दोन्हींचा संबंध माझ्या डोक्यात लागला नव्हता.

तो लावून दिला माझ्या चेनमनने. हा माझ्याबरोबर मोजणीची साखळी ओढायचा, मलकापूरकडचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. भेगा बघून आम्ही जीपमधून परत येत होतो. मी म्हणालो, "देवी कोपली म्हणतील आता लोक."

"कोनती देवी, सायब?"

"पांढरी."

त्याने बिडी तोंडातून काढली. "पांढरी म्हंजे गावाची जागा ना सायब. शेताची ते कायी, घराची ते पांढरी. मुरूम, पांढरी माती, घट जमीन. थे गोटा तं मरीमाय हाये."

मी म्हणालो, "मग आधी काऊन नाही सांगितलंस?" घासून काढलेला शब्द असा भलत्याच वेळी वर आला.

"तुमी जोडे काढून उभे राह्यले, मले वाटलं तुमाले समजलं."

इथवर चूक अडाणीपणाची होती. अडाणीपणाची गोष्ट सांगून मी पुढे कित्येकदा लोकांना हसवलं. बूट, मोजे, हॅट, ट्रकमधला गोटा, सगळं रंगवून सांगायचो, आणि इथेच थांबायचो. पुढचं कधी सांगितलं नाही.

गावात बोलणं सुरू झालं होतं, की मिस्तरीचा हात गेला. वय झालं, नजर गेली, भिंती ओळंब्यात नाहीत. कुणी म्हणे, घाईत बांधलं. कुणी याहून वाईट बोललं, त्याच्या वस्तीचं नाव घेऊन. आमच्या घरांना मुद्दाम कच्चं काम केलं, म्हणे. मिस्तरी दोरीला ओळंबा बांधून घरोघर जायचा, भिंतीला लावून दाखवायचा. ओळंबा सरळ, आणि भिंत वाकडी. लोक म्हणायचे, "मंग? आमी तेच म्हनून राह्यलो!" तो भेगा भरायचा. पुढच्या उघडिपीत त्या पुन्हा तोंड उघडायच्या.

एके दिवशी तो माझ्या कॅम्पवर आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"सायब, तुमी सांगा लोकाहिले. जमिनीचा दोष हाये म्हना. माह्यं कोनी ऐकत नाई. तुमचं ऐकतात."

"सांगतो की."

"चावडीवर सांगा. सगयाहिच्या पुढे."

खरं सांगायचं ठरवलंही होतं मी. पण चावडीवर जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की 'जमिनीचा दोष' म्हटलं की पुढचा प्रश्न 'जमीन कोणी निवडली?' हाच येणार. फायलीत माझी सही होती. समासात 'उत्तम' होतं. पाटील खुर्चीवर, बाकी गाव खाली, मिस्तरी दाराशी उभा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "वर कळवतो. बाकी बांधकामाकडेही जरा जास्त लक्ष द्यायला हवं होतं."

एवढंच वाक्य. खोटं तरी कसं म्हणणार? कुठल्याही बांधकामाकडे जरा जास्त लक्ष देता येतंच. माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत मी असलीच वाक्यं लिहिली.

पाटील मिस्तरीकडे वळून म्हणाले, "ऐकलं का बे?"

मिस्तरीने मान हलवली आणि निघून गेला. दाराच्या बाहेर त्याची मुलगी उभी होती. लग्न होऊन ती गावातल्याच घरी नांदत होती.

मी वर कळवलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या झडीत, पाटलांच्या गोठ्याची भिंत पोट काढून बाहेर आली. त्यांनी मिस्तरीला बोलावलं. तो टेकू द्यायला आत गेला. आधी त्याने बैल सोडून बाहेर काढले, मग लाकूड लावायला परत आत शिरला. भिंत पडली. दगड उचलायला गावाला अर्धा दिवस लागला. त्याला बाहेर काढलं तेव्हा ओळंबा कमरेलाच होता.

मी पोचलो तेव्हा लोक उभे होते. कुणीतरी हळू म्हणालं, "त्याच्याच हातची भिंत होती." कुणी त्यावर काही बोललं नाही. मीही नाही. दोन महिन्यांनी माझी बदली मेहकरकडे झाली. पहिला महिना जानेफळच्या विश्रामगृहात काढला. दगडी इमारत, पाया मुरमात, भिंतीवर रेघ नाही. मी तिथे चांगला झोपलो, हेही सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात दुपारी दारावर थाप पडली. साठीच्या आतबाहेरची बाई, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. एस.टी.ने आली होती. मी ओळखलं नाही.

"मिस्तरीची पोरगी मी. तुमी जोडे काढून उभे होते, माती मी काढत होते."

तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती अर्धा पेला प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"मले एक कागद पायजे. तुमच्या हातचा. माह्या बापाचा हात चुकला नोहोता, जमीन खराब होती, एवढं लिहून द्या."

"आता?" मी म्हणालो. "म्हणणारे तरी राहिलेत का कुणी?"

"ज्याहिनं म्हटलं थे मेले. आता त्याहिचे पोरं म्हनतात. माह्या भावाले गवंडीकाम कोनी देल्लं नाई, थो गाव सोडून गेला, तिकडेच मेला. अजून बी कोनाची भिंत तडकली का म्हनतात, मिस्तरीनं बांधली काय?"

"गाव हलवायचा अर्ज वगैरे करायचा असेल तर..."

"गाव राहू द्या. आमी शिकलो तेथी राहाले. दर साली लिपतो. कागद द्या."

मी टेबलाशी बसलो. कॉम्प्युटर चालूच होता, तो बाजूला सरकवला, आणि लिहायला घेतलं. 'सदर ठिकाणच्या मृदेच्या गुणधर्मांमुळे बांधकामास बाधा पोचली असण्याची शक्यता दिसून येते.' वाचून दाखवलं.

"असं नोको. तुमी चावडीवर बोल्ले होते, थे असंच होतं. सरय लिहा."

मी कागद फाडला. दुसरा घेतला. लिहिलं, 'जागा मी निवडली. ती काळी होती. मिस्तरींनी मला आधीच सांगितलं होतं आणि खड्डा करून दाखवलं होतं. भिंती जमिनीमुळे पडल्या. त्यांचा हात चुकला नव्हता. हे मला पहिल्याच पावसाळ्यात माहीत होतं आणि मी चावडीवर ते लपवलं.' वाचून दाखवलं.

"आता सही करा."

सही केली. तेवढी झोकदार आली नाही. तिने कागद चार घड्या घालून पिशवीत ठेवला, उठली, आणि तिची नजर पडद्यावर गेली. नदीकाठचा हिरवा चौकोन, त्यावर छपराची गाडी.

"हे काय हाये?"

सांगितलं. खेळ आहे, गाडीत लोक आहेत, त्यांना गाव वसवून द्यायचं असतं, मी जागा ठरवतोय.

"कवापासून उभे हायेत हे लोकं?"

"बेचाळीस चाली झाल्या."

"त्याहिले इचारलं का?"

"नाही," मी म्हणालो. "या खेळात तसं करता येत नाही."

तिने पायात चपला सरकवल्या.

"खेयाचं राहू द्या. तुमाले इचारता कवाच आलं नाई."